आंधळी खरेदी आणि बुडती गिरणी



दसरा आला की दोन गोष्टी ठरलेल्या. इकडे पऱ्हाटीवर बोंडे फुटतात आणि तिकडे सूतगिरणीवाल्यांची शिष्टमंडळे दिल्लीच्या गाडीत बसतात. निवेदनातला मजकूरही ठरलेला असतो. कापूस महागला, गिरणी चालवणे परवडत नाही, कामगार रस्त्यावर येईल, तेव्हा कापसाची निर्यात रोखा, आयात मोकळी करा. त्याच निवेदनात खाली दुसरी तक्रार असते. इथल्या कापसात कचरा फार, प्लास्टिक फार, धाग्याला ताकद नाही, शेतकऱ्याला शिकवले पाहिजे.

शेतकऱ्याच्या घाट्याचा हिशेब आपण मेळाव्या-मेळाव्यातून पुष्कळदा मांडला. या वेळी आम्ही गिरणीची वही उघडणार आहोत. गिरणीच्या हिताची काळजी आम्ही का करावी, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. गिरणी बंद पडली की आपल्या कापसाचे एक गिऱ्हाईक गेले. गिऱ्हाईक कमी झाले की भाव कोण पाडतो ते सांगायला नको. शिवाय गिरणी बुडाल्याचे खापर दर वेळी आपल्या डोक्यावर फुटते. म्हणून ती खरोखर कशाने बुडते हे आपल्याला नीट कळले पाहिजे.

आमचे म्हणणे असे आहे की कापसाच्या भावाने गिरण्या जेवढ्या बुडाल्या नाहीत, तेवढ्या कापूस विकत घेण्याच्या रीतीने बुडाल्या. हे आरोपासारखे वाटेल. आरोप हिशेबावर उभा आहे, तो हिशेब पाहू.

गिरणीची कमाई कुठे होते?

सुताच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा असतो. वीज, मजुरी, व्याज, यंत्रांचा घसारा ही सगळी मंडळी उरलेल्यात दाटीवाटीने बसतात. म्हणजे गिरणीचा मालक चात्या किती वेगाने फिरतात ते बघत दिवसभर खात्यात उभा राहिला, तरी त्याचे नशीब त्याच्या आधीच ठरून गेलेले असते. ज्या दिवशी त्याने रुई घेतली, जशी घेतली, त्या दिवशी.

आता रुईपासून सूत होताना काय होते ते पाहा. शंभर किलो रुई यंत्रात टाकली तर शंभर किलो सूत निघत नाही. पाने, काड्या, सरकीचे तुकडे, धूळ, आखूड तंतू हे सगळे बाजूला पडते. रुई स्वच्छ असेल तर घट कमी, घाण असेल तर घट जास्त. हिशेबासाठी धरू की रुई किलोला १६० रुपये पडली. शंभर किलोतून ८७ किलो सूत निघाले तर एक किलो सुतातली रुई १८४ रुपयांची झाली. त्याच भावाच्या पण घाण रुईतून ८४ किलोच निघाले तर एक किलो सुतातली रुई १९० रुपये ५० पैशांची झाली. तीन किलोच्या घटीने सुतामागे साडेसहा रुपये गेले.

आता हेच साडेसहा रुपये शेतकऱ्याच्या भावातून वसूल करायचे म्हटले तर? एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. हिशेब केला तर शेतकऱ्याचा भाव क्विंटलमागे १८७-१८८ रुपयांनी पाडावा लागतो. म्हणजे खरेदीदाराने घासाघीस करून, कडता लावून, गाडी दोन दिवस ताटकळत ठेवून आपल्याकडून क्विंटलमागे पावणेदोनशे रुपये हिसकले आणि त्या बदल्यात त्याच्या गोदामात तीन टक्के जास्त कचरा आला, तर गिरणीच्या हाती भोपळा आला. शेतकरी मेला आणि गिरणीही जगली नाही.

ही तर फक्त घट झाली. घाण रुईने धागा तुटतो. धागा तुटला की चाती थांबते, कामगार गाठ मारायला धावतो, यंत्र रिकामे फिरते, वीज मात्र चालूच असते. सूत खडबडीत निघते, ते विणकर दोन रुपये कमी देऊन घेतो. हे नुकसान ताळेबंदात 'वाईट खरेदी' या नावाने कधीच दिसत नाही. ते वीज, दुरुस्ती, कमी उत्पादन, माल परत अशा दहा नावांखाली विखुरलेले असते. दिसतो तो एकच आकडा, कापसाची किंमत. म्हणून मालक त्याच आकड्याकडे बोट दाखवतो.

सब घोडे बारा टक्के

मग घाण कापूस येतो कुठून? चला जिनिंगच्या दारात.

पहिल्या वेच्याचा कापूस कसा असतो ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पांढरा शुभ्र, वाळलेला, लांब धाग्याचा. शेवटच्या वेच्याचा आणि फरदडीचा कापूस कसा असतो तेही ठाऊक आहे. पिवळट, आखूड, कवडी मिसळलेला, अर्धवट पिकलेला. या अपक्व तंतूला रंग नीट चढत नाही, कापडावर पांढरे ठिपके राहतात. गिरणीच्या दृष्टीने हे दोन कापूस म्हणजे बियाण्याची ज्वारी आणि पावसात काळी पडलेली ज्वारी. कोणता शहाणा माणूस या दोन्ही ज्वाऱ्या एका भावाने घेईल?

कापसाचा खरेदीदार घेतो. गावात खेडा खरेदीला येणारा व्यापारी गंजीत एकदा हात घालतो, मूठभर कापूस नाकाजवळ नेतो आणि आकडा सांगतो. सगळ्या गावाला तोच आकडा. ज्याने वेच्यागणिक कापूस वेगळा ठेवला त्यालाही तोच, ज्याने सगळे एका ढिगात केले त्यालाही तोच. फार तर दहा-वीस रुपयांचा फरक, तोही ओळखीपाळखीने. अंधेर नगरीत टके सेर भाजी, टके सेर खाजा.

एका भावाच्या बाजारात कापूस वेगळा ठेवणे म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे घालणे. वेगळी जागा लागते, वेगळी पोती लागतात, वेचणाऱ्या बायांना जास्त वेळ लागतो आणि त्यांची मजुरी किलोवर असते. किलोवर मजुरी घेणारी बाई पाकळ्या आणि पाने निवडत बसली तर संध्याकाळी तिच्या हाती पैसे कमी येतात. ती निवडायला तयार होईल, पण तिला त्याची जास्त मजुरी द्यायची तर शेतकऱ्याला ती कोणाकडून तरी मिळाली पाहिजे. वेचणीपासून जिनपर्यंत सगळा व्यवहार एका वजनकाट्यावर चालतो. काट्याला फक्त वजन कळते. मग वजनच येणार.

आणि वजन वाढवायला पाण्यासारखी स्वस्त वस्तू नाही. जिनिंगमध्ये कापसावर आणि रुईवर पाणी मारण्याची कला कोणाला ठाऊक नाही? शेतकऱ्याच्या कापसातला ओलावा यंत्र लावून मोजायचा, त्यापोटी कडता कापायचा, आणि तोच कापूस आत गेल्यावर नळी लावून भिजवायचा. गिरणी गाठ वजनावर विकत घेते, म्हणजे रुईच्या भावाने पाणी विकत घेते. त्या पाण्याने रुई पिवळी पडते, सरकीचे तुकडे चिकटतात, यंत्रात गोळे होतात.

आता प्लास्टिकची तक्रार. ती खरी आहे. जगभरच्या गिरण्यांच्या पाहण्यांत भारतातल्या कापसाची गणना सर्वांत जास्त भेसळ असलेल्या कापसांत होत आली आहे. खताच्या आणि साखरेच्या पांढऱ्या पोत्यांचे धागे कापसात जातात. पांढऱ्यात पांढरे असल्याने ते डोळ्याला दिसत नाहीत, यंत्रालाही सहज सापडत नाहीत. सूत होते, कापड होते, रंगाच्या हौदातून बाहेर येते, आणि मग तो धागा रंग न घेता चमकत उभा राहतो. परदेशी गिऱ्हाईक सगळा माल परत करते. हे टाळण्यासाठी गिरण्या रुई हाताने निवडायला बायांच्या रांगा बसवतात, महागडी टिपणी यंत्रे लावतात.

आम्ही विचारतो, ज्या गिरणीला हातनिवडीला रोज मजुरी द्यायला परवडते, तिला हंगामाच्या सुरुवातीला गावात सुती कापडाच्या झोळ्या आणि पोती वाटायला का परवडू नये? शेतकऱ्याच्या घरी खताचे रिकामे पोते फुकट असते, सुती पोत्याला पैसे पडतात. सुती पोत्यात आणलेल्या कापसाला क्विंटलमागे चार पैसे जास्त मिळत नसतील तर ते पोते कोण विकत घेणार? शेतकऱ्याला शिकवायचे काही नाही. भाव हाच सगळ्यात मोठा मास्तर आहे, आणि आजवर या मास्तराने एकच धडा दिला: वजन आण.

मोजमाप होते, पण कधी?

कापसाची प्रत मोजता येत नाही, असे कोणी म्हणू नये. धाग्याची लांबी, ताकद, तलमपणा, रंग, कचरा हे सगळे मोजणारी यंत्रे बऱ्यापैकी गिरणीच्या प्रयोगशाळेत उभी आहेत. गाठी आल्या की त्यांचे नमुने तपासले जातात, कोणती गाठ कोणत्या सुतात मिसळायची ते ठरते. म्हणजे मोजमाप होते, पण शेतकऱ्याचे पैसे ठरून गेल्यावर. गिरणीला कळलेले जिनपर्यंत पोचत नाही, आणि जिनला कळलेले शेतापर्यंत पोचत नाही. जिनच्या दारात ओलावा मोजायचे यंत्र बरोबर पोचले, कारण तिथे कापायचे असते. लांबी मोजायचे यंत्र पोचले नाही, कारण तिथे द्यावे लागेल.

अमेरिकेत पिकणाऱ्या जवळपास प्रत्येक गाठीचा नमुना तिथल्या शेतीखात्याच्या प्रयोगशाळेत यंत्रावर तपासला जातो आणि त्या आकड्यांवर शेतकऱ्याच्या पैशात वाढ-घट होते. आपला गिरणीवाला अमेरिकेची किंवा ऑस्ट्रेलियाची गाठ घेताना त्या आकड्यांचे जास्त पैसे बिनतक्रार मोजतो. तिथे त्याला प्रतीची किंमत कळते. देशी गाठ घेताना मात्र तो सरासरीचा भाव देतो आणि सरासरीपेक्षा वाईट माल आला म्हणून रडतो. सरकारच्या स्वतःच्या हमीभावातसुद्धा धाग्याच्या लांबीचा फरक मान्य आहे. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्यासाठी ७,७१० आणि लांब धाग्यासाठी ८,११० रुपये जाहीर झाले. कागदावर चारशे रुपयांचा फरक आहे. खेडा खरेदीच्या काट्यावर तो किती जणांच्या हाती पडला, हे ज्याने त्याने आपल्या पावतीवर पाहावे.

फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मोहीम काढली. तिच्याखाली जिनिंगच्या शेकडो कारखान्यांत नवी यंत्रे बसली, फरशी आली, शेड आली. चांगले झाले. पण जिनच्या आत फरशी आली म्हणून दाराबाहेरची रीत बदलली नाही. भाव मुठीनेच ठरत राहिला.

मँचेस्टरने हेच केले होते

ही रीत जुनी आहे, आणि तिचे फळही जुने आहे. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या कापड गिरण्या आपला तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस एकट्या अमेरिकेच्या दक्षिण भागातून घेत. एकाच दुकानातून स्वस्त मिळतो म्हणून दुसरे दुकान कोणी उभेच केले नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगार धर्मादाय अन्नावर आले. तेव्हा मँचेस्टरला वऱ्हाडची, खानदेशची, गुजरातची आठवण झाली.

इकडून कापूस गेला आणि लगेच तक्रार सुरू झाली. माती मिसळतात, सरकी मिसळतात, पाणी मारतात. १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातली भेसळ हा गुन्हा ठरवणारा कायदा केला. पण मुंबईच्या बंदरावर बसलेला खरेदीदार चांगल्या आणि वाईट कापसाला जवळपास एकच भाव देत होता, त्याची रीत कोणी बदलली नाही. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परत आला, भाव कोसळला आणि मँचेस्टरने पाठ फिरवली. भेसळीचा कायदा पुढे रद्द झाला, भेसळ राहिली. ज्या खरेदीत चांगल्या मालाला दाम नाही आणि उद्याची हमी नाही, तिथे पोलीस उभा करून चांगला माल मिळत नाही, हे दीडशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले.

सरकार काट्यावर बसले तेव्हा

व्यापारी लुटतो म्हणून सरकारने खरेदी करावी, असे पुष्कळांना वाटते. महाराष्ट्राने तोही प्रयोग केला. १९७१ चा कायदा करून १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. राज्यात कापूस घ्यायचा तो सरकारच्या यंत्रणेनेच. दुसऱ्या कोणाला विकणे हा गुन्हा.

त्या केंद्रांवरच्या बैलबंड्यांच्या रांगा आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिल्या आहेत. ग्रेडर गंजीवर नजर टाकायचा आणि प्रत ठरायची. त्याची नजर कशाने निवळायची आणि कशाने गढूळ व्हायची, ते लिहायची गरज नाही. चुकारे हप्त्या-हप्त्याने यायचे. कापसाच्या गंज्या उघड्यावर पडायच्या. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की चांगला कापूस रातोरात सीमेपार जायचा, तिकडे भाव कमी असला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रावर यायचा. राज्यातल्या गिरण्यांच्या वाट्याला मग उरलासुरला, मिसळलेला, उन्हापावसाने खराब झालेला माल. २००२ नंतर खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली तेव्हा तीस वर्षे गेली होती. या तीस वर्षांत सरकारला तोटा झाला, शेतकऱ्याला भाव मिळाला नाही आणि राज्यातल्या गिरण्यांना चांगली रुई मिळाली नाही. काट्यावर व्यापारी बसला काय आणि सरकार बसले काय, खरेदी आंधळी असली की खड्डा ठरलेला.

सहा महिने येतो, बारा महिने लागतो

खरेदीची दुसरी खोड वेळेची आहे. कापूस बाजारात येतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च. गिरणीला लागतो बारा महिने. ज्याच्याकडे पैसा आहे ती गिरणी हंगामात निवडून माल घेते. ज्याच्याकडे नाही ती हातातोंडाची खरेदी करते, आज पंधरा दिवसांपुरती, पुढे पुन्हा पंधरा दिवसांपुरती. पावसाळ्यात रुई साठेबाजाकडे गेलेली असते, तेव्हा तीच गिरणी त्याच्याकडून चढ्या भावाने घेते. बँका गिरण्यांना साधारण तीन महिन्यांच्या कापसापुरते कर्ज देतात. नऊ महिन्यांचे द्या, ही गिरणीवाल्यांच्या संघटनांची मागणी आहे. ही त्यांची मागणी आम्हालाही रास्त वाटते, आणि आम्ही ती उघडपणे उचलून धरतो. हंगामात गिऱ्हाईक जास्त असले तर त्यात आपलेही भले आहे.

महाराष्ट्रातल्या सहकारी सूतगिरण्यांची रचनाच पाहा. सभासदांचे ५ टक्के, सरकारचे ४५ टक्के आणि कर्ज ५० टक्के. या पैशातून इमारत झाली, यंत्रे आली, उद्घाटने झाली, पुढाऱ्यांचे फोटो लागले. कापूस घ्यायला खेळते भांडवल मात्र अनेक ठिकाणी उरले नाही. कापसाच्या मुलखात उभी राहिलेली गिरणी कापसावाचून बंद पडली, असे चित्र विदर्भ-मराठवाड्याने कित्येकदा पाहिले.

२०१०-११ चा हंगाम आठवा. एप्रिल २०१० मध्ये सरकारने कापूस निर्यातीची नोंदणी थांबवली होती, गिरण्यांना स्वस्त मिळावा म्हणून. तरी जगभर तेजी आली आणि मार्च २०११ च्या अखेरीस रुईची खंडी ६०,००० रुपयांच्या पुढे गेली. काही महिन्यांत भाव निम्म्याच्या आसपास आला. शिखरावर घाईघाईने घेतलेली रुई ज्या गिरण्यांच्या गोदामात होती, त्यांचे सूत घेतल्या भावालाही विकेना. पुढच्याच वर्षी, ५ मार्च २०१२ ला, निर्यातबंदी आली. आरडाओरड झाल्यावर आठवड्याभरात मागे घ्यावी लागली. मे २०२२ मध्ये खंडी एक लाखावर गेली. आयात शुल्क त्याआधीच, १४ एप्रिलला उठवले होते, तरी तेजी थांबली नाही. त्यानंतरच्या हंगामात शेतकऱ्याने कापूस घरात धरून ठेवला आणि गिरण्यांना पुरेसा माल मिळेना. शेतकऱ्याने का धरला? कारण त्याचा खरेदीदारावर काडीचा विश्वास नव्हता. ज्याने आयुष्यभर पडत्या भावात कोपऱ्यात गाठले, त्याला चढत्या भावात कोण सोडणार? हा विश्वास नसल्याची किंमत गिरणीने बंद पाळ्यांत मोजली.

स्वस्ताईने कोणाचे भले झाले?

गिरणीवाले म्हणतील, हे सगळे ठीक, पण कापूस स्वस्त झाला तर आम्ही वाचू. इतिहास काय सांगतो? जुलै २००१ पर्यंत कापसाची निर्यात कोट्याच्या दोरीने बांधलेली होती. सरकारने दशकानुदशके देशी कापूस जगाच्या बाजारापासून अडवून गिरण्यांसाठी राखून ठेवला. त्याच काळात, १९७४ मध्ये, आजारी पडलेल्या १०३ गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण करावे लागले. राखीव कुरणात चरणारी गाय हाडकुळी झाली, म्हणजे दोष गवताच्या भावात नव्हता. ज्याला कच्चा माल सरकारच्या काठीने स्वस्त मिळतो, त्याला नीट खरेदी शिकायची गरजच वाटत नाही. त्याची सगळी अक्कल दिल्लीच्या फाइलीत गुंतते.

तोच खेळ २०२५ मध्ये पुन्हा झाला. अमेरिकेने आपल्या मालावर जकात वाढवली, कपड्यांची निर्यात अडचणीत आली, आणि १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याच्या वेळी. भांडण अमेरिकेशी, आणि मार वऱ्हाडच्या कापसाला.

कारखाना कोणताही असो

हे फक्त कापसाचे आहे असे समजू नका. मोटारींच्या धंद्यातही हेच घडले आहे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने खरेदीचा प्रमुख म्हणून होसे इग्नासियो लोपेझ नावाचा कडक माणूस नेमला. त्याने सुटे भाग देणाऱ्यांचे चालू करार फाडले, पुन्हा पुन्हा बोली लावायला लावली, एकाची बोली दाखवून दुसऱ्याचा भाव पाडला. पैसे वाचले, वाहवा झाली. मार्च १९९३ मध्ये तो फोक्सवागनकडे निघून गेला. मागे राहिले ते दुखावलेले पुरवठादार. नवी सुधारणा हाती आली की ती आधी दुसऱ्या कंपनीला दाखवायची, अशी त्यांची मनःस्थिती झाली.

आता दुसरे उदाहरण. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये आयसिन नावाच्या कंपनीच्या करिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांना लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच होत असे, आणि साठा अगदी थोडा होता. टोयोटाचे कारखाने थांबले. पण टोयोटाने आपल्या पुरवठादारांशी वर्षानुवर्षे एकत्र बसून किंमत ठरवण्याची, फायदा वाटून घेण्याची रीत ठेवली होती. कित्येक लहानमोठ्या कारखान्यांनी, ज्यांनी तो व्हॉल्व्ह कधी बनवलाही नव्हता, आपली यंत्रे त्या कामाला लावली आणि साधारण आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. टोयोटाही भावात काटेकोर आहे, धर्मादाय संस्था नाही. पण पुरवठादार मेला तर आपण मरतो, हे तिला कळते. आपल्या गिरणीच्या गोदामाला आग लागली तर मदतीला कोण धावेल, हे मालकांनी स्वतःलाच विचारावे.

आम्ही काय म्हणतो

आम्ही गिरणीवाल्यांकडे भीक मागत नाही आणि त्यांच्याशी आमचे वैरही नाही. आम्ही धंद्याची गोष्ट करतो आहोत.

एक. जिनच्या दारात ओलावा मोजता, तशीच धाग्याची लांबी, तलमपणा आणि कचरा मोजा. मोजल्याची छापील पावती शेतकऱ्याच्या हाती द्या. मुठीने भाव ठरवणे बंद करा.

दोन. पहिल्या वेच्याच्या स्वच्छ कापसाला वेगळा भाव हंगामाआधी जाहीर करा. तो भाव मिळतो हे एक वर्ष दिसले की पुढच्या वर्षी वेच्यागणिक वेगळ्या गंज्या गावोगाव दिसतील.

तीन. सुती झोळ्या आणि पोती गिरण्यांनी पुरवावीत. हातनिवडीच्या खर्चापुढे तो खर्च किती होतो, याचा हिशेब त्यांनीच करावा.

चार. चुकारा काट्यावरच. उशीर झाला तर व्याजासह.

पाच. गिरण्यांना हंगामात खरेदीला पुरेसे कर्ज मिळावे. आणि निर्यात-आयातीचे धोरण पेरणीआधी जाहीर होऊन हंगामभर तेच राहावे. पेरताना एक नियम आणि वेचताना दुसरा, हा जुगार शेतकऱ्यालाही नको आणि शहाण्या गिरणीलाही नको.

भावांनो, जिल्हा मेळाव्याला येताना गेल्या दोन हंगामांच्या कापूस विक्रीच्या पावत्या सोबत आणा. कोणत्या वेच्याचा कापूस, किती ओलावा लावला, किती कडता कापला, चुकारा किती दिवसांनी मिळाला, हे त्यावर पेन्सिलीने लिहून आणा. ज्वारीवाल्यांनीही आपल्या पावत्या आणाव्यात. ज्वारीच्या काट्याचे दुखणे फार वेगळे नाही. या पावत्या तालुक्यागणिक एकत्र करून आपण जिनवाल्यांना आणि गिरणीवाल्यांना समोरासमोर बसवणार आहोत. त्यांनी आपली वही आणावी, आपण आपली नेऊ. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की मधले पैसे कुठे सांडतात ते उघड होईल. तोवर शेतकऱ्याच्या कापसाला नावे ठेवण्याआधी प्रत्येक गिरणीवाल्याने आपल्या काट्याकडे एकदा पाहावे.